सवय सोडली, पण जागा रिकामीच ठेवली? या चुका टाळा

संजीवन सभेत, म्हणजे मंडळीत विश्वास नव्याने जागवण्यासाठी भरणाऱ्या सभेत, हात वर करून "आजपासून ही सवय सुटली" म्हणणारे तरुण मी बरीच वर्षं पाहतो आहे. त्यातले बरेच जण पुढच्या सभेत त्याच सवयीसाठी पुन्हा पुढे येतात. त्यांच्या अश्रूंबद्दल मला तिळमात्र शंका नाही. घोळ होतो तो घरी गेल्यावर, आणि दर वेळी तोच होतो.

वाईट काढलं, चांगलं भरलंच नाही

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बायबलमध्ये मत्तय 12:43-45 इथे येशूने सांगितलेलं घर आठवा. माणसाचं मन म्हणजे ते घर. अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून-सजवून झालं, पण रिकामं राहिलं. मग तो स्वतःपेक्षाही वाईट असे आणखी सात घेऊन परत आला. प्रेषित पौलही चोराला नुसतं 'चोरी सोड' म्हणून थांबत नाही. हातांनी कष्ट कर, म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असेल, असं तो सांगतो (इफिस 4:28).

आमच्या तरुण संघातल्या एका मुलाला रात्री फोनवर अश्लील व्हिडिओ पाहायची सवय होती. त्याच्या परवानगीने हे सांगतो आहे. तो दर वेळी ॲप काढून टाकायचा, उपास करायचा आणि वहीत शपथ लिहून खाली सही करायचा. पेन इतकं दाबून की सही मागच्या पानावर उमटायची. आठवडाभर तग धरायचा, की ॲप परत फोनमध्ये. एकदा मी विचारलं, "रात्री अकरानंतर तू नेमकं करतोस काय?" तो म्हणाला, "काही नाही दादा. पडून राहतो आणि सहन करतो." दार बंद, दिवा बंद, फोन उशाखाली, आणि हातात करायला काहीच नाही. अशा अवस्थेत किती रात्री निभतील?

मग शपथांची वही बंद केली. रात्री दहाला फोन बाहेरच्या खोलीत, आईच्या फोनशेजारी चार्जिंगला. उठायला साधं गजराचं घड्याळ. उशाशी छापील बायबल, आणि झोपण्याआधी एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं. मोठ्यानेच, कारण मनातल्या मनात वाचताना डोळे ओळींवर असतात आणि मन भलतीकडे. त्यानंतरही तो घसरला. पण दुसऱ्याच दिवशी येऊन सांगायला लागला, आणि हळूहळू घसरणं विरळ होत गेलं.

फोन बाहेर ठेवण्यात 'विश्वासाची कमी' आहे असं मला एकाने सुनावलं होतं. मला हे अजिबात पटत नाही. धन्याची, म्हणजे पोटीफरची, बायको गळ्यात पडली तेव्हा योसेफ तिच्याशी चर्चा करत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. दावीद राजा मात्र राजे लढाईवर जातात त्या दिवसांत यरुशलेमेतच राहिला आणि संध्याकाळी गच्चीवर फिरत होता. तिथून आंघोळ करणारी बथशेबा दिसली, आणि दुसऱ्याच्या बायकोशी व्यभिचारापर्यंत तो घसरला.

एका दमात सगळं

1 जानेवारीपासून पहाटे चारला उठणं, तासभर प्रार्थना, आठवड्याला दोन उपास आणि वर्षभरात अख्खं बायबल! बायबलची पहिली दोन पुस्तकं म्हणजे उत्पत्तीचे 50 अध्याय, निर्गमाचे 40. रोज तीन-चार वाचले तर जानेवारीच्या अखेरीस तिसरं पुस्तक लेवीय येतं आणि होमार्पणांच्या नियमांत गाडं अडतं. फेब्रुवारीत या मंडळींना वाचनाबद्दल विचारलं की नजर चुकवतात.

रॉबर्ट मरे मॅकशेन या स्कॉटिश पाळकाने 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या वाचनाचं वेळापत्रक केलं. आजही ते जगभर वापरलं जातं. त्याने सोबत धोकेही लिहून ठेवले होते: नुसती रीत म्हणून वाचणं, स्वतःला नीतिमान समजणं, निष्काळजीपणे वाचणं, आणि न पेलणारं ओझं. लोक वेळापत्रक उचलतात आणि इशारा सोडून देतात.

नव्या माणसाला मी मार्कचं शुभवर्तमान देतो. 16 अध्याय, रोज अर्धा. वाचलेल्यातल्या एका गोष्टीवर दोन वाक्यांची प्रार्थना, तीही ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी. "एवढंच?" असं तोंड वाकडं करणाऱ्यांना मी सांगतो, आधी मार्क संपवून या, मग बोलू.

'21 दिवसांत सवय लागते'

हे कुठून तरी ऐकून लोक बाविसाव्या दिवशी निराश होतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2010 मध्ये छापून आला. त्यात रोजच्या साध्या सवयी अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, आणि माणसामाणसांत 18 पासून 254 दिवसांपर्यंत फरक होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. म्हणून एक सकाळ हुकली की "आता सोमवारपासून नव्याने" म्हणू नका. त्याच संध्याकाळी वाचा.

राजाशिवाय कुणाकडेही प्रार्थना करायची नाही, असा दारयावेश राजाचा हुकूम निघाला तेव्हा दानीएल म्हातारा झाला होता. तरी तो घरी गेला आणि यरुशलेमेकडच्या खिडकीशी दिवसातून तीनदा गुडघे टेकून, पूर्वी करायचा तशीच प्रार्थना केली. ती सवय त्या दिवशी लावलेली नव्हती.

सवयीला तारणाची किंमत समजणं

सलग वाचनाचे दिवस मोजत बसलेला माणूस दोन टोकांना जातो: जमलं की फुशारकी, हुकलं की देवाने टाकल्याची भीती. इफिस 2:8-10 क्रमाने वाचा. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे. सत्कृत्यं त्यानंतर येतात. तुम्ही प्रार्थनेला बसता ते आधीच स्वीकारलेलं लेकरू म्हणून.

एकट्याने झुंजणं

याकोब 5:16 एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतं. त्यासाठी एकच माणूस निवडा. वयाने मोठा, तोंडाचा घट्ट, पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'माझ्यासाठी प्रार्थना करा' एवढं टाकणं म्हणजे कबुली नव्हे.

पडल्यावर उपासनेला दांडी मारणं

त्याच रविवारी जा. पापं कबूल केली तर देव क्षमा करतो, असं सांगणारं 1 योहान 1:9 अशाच दिवसासाठी आहे.

दारू एका रात्रीत बंद करायला लावणं

हे प्रार्थनागटांच्या पुढाऱ्यांसाठी. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर हातपाय थरथरणं, भास होणं, झटके येणं असं होऊ शकतं, आणि कधी ते जिवावरही बेततं. "देवावर विसंबून आजच सोड" म्हणून त्याला घरी एकटं पाठवू नका. आधी त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा, आणि बाहेरच्या बाकावर बसून प्रार्थना करा.