टीबी प्रकल्पाला बाहेरचा पैसा आलाय? मग निदान या चुका तरी टाळा

गरीब देशातल्या टीबी कार्यक्रमाला ग्लोबल फंडाकडून (एड्स, टीबी, मलेरियासाठी पैसा देणारा आंतरराष्ट्रीय निधी) म्हणा किंवा आणखी कुणाकडून ग्रँट मंजूर झाली, की पुढं काय होणार हे आता डोळे मिटून सांगता येतं. गाड्या, लॅपटॉप, कार्यशाळा, सगळ्यावर लोगो, आणि मशीन. मशीन तर आलंच पाहिजे.

मशीन म्हणजे जीनएक्सपर्ट. वस्तू एक नंबर, त्यात वाद नाही. डिसेंबर 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली, साधारण दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का हे दोन्ही कळतं, मायक्रोस्कोपमधून सुटलेले पेशंटही यात सापडतात. पण मशीन बसलं की रिपोर्टात "उद्दिष्ट पूर्ण" लिहून मोकळे होतात ना, तिथं माझं डोकं फिरतं.

एका जिल्हा रुग्णालयात, नाव नको, असंच मशीन बसलं, फीत कापली, फोटो निघाले. पुढच्या वर्षी तिथं गेलो तर चार मॉड्यूलपैकी, म्हणजे एका वेळी एक नमुना तपासणाऱ्या कप्प्यांपैकी, दोन बंद, उरलेल्या दोघांचं वार्षिक कॅलिब्रेशन थकलेलं. खोलीला एसी होता, पण लाइट गेली की जनरेटर चालणार ऑपरेशन थिएटरला आणि मोठ्या साहेबांच्या केबिनला, लॅबला नाही. टेक्निशियन बाई हुशार होत्या, त्या म्हणाल्या, "सर, मी सकाळीच काय ते नमुने लावून घेते, दुपारी नुसते एरर येतात." येणारच, मशीनला खोली 30 डिग्रीच्या आत लागते आणि तिथं दुपारी माणसाला बसवत नव्हतं. कार्ट्रिज, म्हणजे दर टेस्टला एक लागते ती नमुना घालायची डबी, ठेवायची 2 ते 28 डिग्रीत, आणि ती होती पत्र्याच्या स्टोअरमध्ये, खोक्यांवर खोकी. बरं, दुरुस्ती का नाही केली? तर ग्रँटमध्ये मशीनचे पैसे होते, पहिल्या वर्षाच्या कार्ट्रिजचे होते, वॉरंटी संपल्यावर सर्व्हिसिंग कुणी करायचं याची ओळच नव्हती. प्रकल्पवाले म्हणे सरकारनं करावं, सरकारी माणूस म्हणे मशीन अजून आमच्या नावावरच झालेलं नाही. आणि या सगळ्या काळात प्रकल्पाच्या नकाशावर त्या जिल्ह्यात हिरवा ठिपका!

तेव्हापासून बजेट हातात आलं की मी उलटं वाचतो. शेवटच्या वर्षाचा कॉलम आधी. त्यानंतरच्या वर्षी कार्ट्रिज, सर्व्हिसिंग आणि टेक्निशियनचा पगार कोणाच्या टेबलावरून निघणार हे विचारतो, आणि "सरकार" हे उत्तर चालत नाही, कुठलं खातं, कुठलं हेड ते सांगा. मशीन किती बसली हे तर विचारतच नाही. दर मॉड्यूलवर महिन्याला किती टेस्ट झाल्या आणि त्यात एरर किती, एवढं मशीनच्या रेकॉर्डवरून काढून द्या म्हणतो. खोटं बोलायचं असेल तर तिथं जरा अवघड जातं.

याच्यातच नवख्यांची एक लाडकी चूक. कार्ट्रिजची सवलतीची किंमत 2012 मध्ये 9.98 डॉलर झाली, 2023 मध्ये 7.97. तो आकडा घ्यायचा, गुणिले नमुने, झालं बजेट. अरे बाबा, ती कारखान्याच्या दारातली किंमत आहे. विमानभाडं, विमा, कस्टम्स, तिथून जिल्ह्यापर्यंतची गाडी, एरर येऊन वाया गेलेली कार्ट्रिज, हे कोण धरणार?

दुसरी मोठी चूक म्हणजे औषधाचा पत्ता नसताना शोधमोहीम काढायची. एक्सरेची व्हॅन फिरवली की आकडे पटकन वर जातात, डोनर खूश, आणि आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं म्हणून पैसेही संपवायचे असतात. पण ज्याला तुम्ही टीबी आहे असं सांगितलं त्याच्या हातात त्याच आठवड्यात गोळ्या पडल्या नाहीत तर त्याला शोधून काय केलं आपण? तो घरी जाऊन खोकतच राहणार, आणि पुढची व्हॅन आली की दार बंद करणार. मी सापडलेले आणि औषध सुरू झालेले असे दोनच कॉलम शेजारी शेजारी मागतो. पहिला फुगलेला आणि दुसरा खुरटलेला दिसला की मोहीम थांबवायची, कोणी कितीही तोंड वाकडं करो.

औषधांच्या बाबतीत ग्लोबल ड्रग फॅसिलिटी, म्हणजे देशांना टीबीची औषधं पुरवणारी आंतरराष्ट्रीय सोय, 2001 पासून आहे, खात्रीचा माल बऱ्या किमतीत मिळतो, पण ऑर्डर आणि माल यांच्यात कित्येक महिने जातात. रॅक रिकामा दिसल्यावर फॉर्म भरणाऱ्याला काय म्हणावं. याच्या उलटे शहाणेही असतात, ते बजेट संपवायला सगळा माल एकदम मागवतात आणि नंतर एक्स्पायरीच्या खोक्यांचा पंचनामा करत बसतात. हप्त्याहप्त्यानं मागवा, आणि स्टोअरला स्वतः जाऊन तारखा बघा, एक्सेलवर विश्वास ठेवू नका.

बाकीच्या थोडक्यात. प्रकल्पाचं वेगळं रजिस्टर काढू नका, नर्सला एकच पेशंट तीन ठिकाणी लिहायला लावलं की तिन्हीकडं चुका होतात. सरकारी लॅबमधला चांगला टेक्निशियन दुप्पट पगारावर ओढू नका, ग्रँट संपल्यावर तो ना तुमचा ना त्यांचा. उपचार चालू असताना बरं वाटतंय का बघायला जीनएक्सपर्ट लावू नका, मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा पॉझिटिव्ह दाखवतो, त्यासाठी स्मिअर (बेडका मायक्रोस्कोपखाली बघणं) आणि कल्चर (जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं) हेच. नमुना घेताना डबीत लाळ आली की बेडका आला हे बघायला दोन मिनिटं काढा, शॉर्टकटवाल्यांची निम्मी "निगेटिव्ह" तिथंच तयार होतात.

आणि सगळं एकाच डोनरवर टांगू नका. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत अचानक थांबवली तेव्हा काही देशांत नमुने नेणारी वाहतूक आणि लॅबची कामं अडली. ज्यांनी निदान पगार तरी सरकारी खात्यात घेतले होते त्यांना सावरायला थोडी उसंत मिळाली.

शेवटचं, पेशंटनं औषध सोडलं की पोस्टर छापायची खोड. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा, काही आठवड्यांत ताप खोकला कमी होतो आणि माणूस कामाला लागतो, कारण त्याची रोजी बुडालेली असते. टीबी झालेल्या साधारण निम्म्या घरांचा या आजारापायी वर्षाच्या कमाईच्या 20 टक्क्यांहून जास्त पैसा जातो, उपचार फुकट असूनही. त्याला माहिती नाही असं नाहीये, त्याच्याकडे गाडीभाडं नाहीये. पोस्टरचं बजेट कापा, त्यातून येण्याजाण्याचे पैसे द्या, आणि ते पहिल्याच भेटीपासून द्या, कोर्स पूर्ण झाल्यावर बक्षीस म्हणून नको.