रस्त्याकडेचा क्रॅश बॅरिअर बसवताय? या चुका टाळा

'टेस्टेड आहे' एवढ्यावर माल उतरवून घेणं ही पहिली चूक. कोणती गाडी, किती वेगाने आणि कोणत्या कोनात आदळवली, हे चाचणीच्या अहवालात वाचा. अमेरिकेच्या 'मॅश' या बॅरिअर-चाचणीच्या निकषांत टीएल-३ या चाचणी पातळीला ११०० किलोची मोटार आणि २२७० किलोचा पिकअप, ताशी १०० किमी वेगाने, २५ अंशांत आदळवतात. युरोपच्या ईएन १३१७ या मानकात एन२ पातळीला १५०० किलोची मोटार असते, तर एच२ ला १३ टनांची बस. बॅरिअरवर काटकोनात येणारी धडकेची ऊर्जा एन२ ला सुमारे ८२ किलोज्यूल, एच२ ला २८७. ज्या घाटात दरीच्या कडेने एसटी आणि भरलेले ट्रक वळतात, तिथे फक्त मोटारीवर पास झालेला बॅरिअर लावणं मला अक्षम्य वाटतं. वेगाचंही तसंच आहे. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. चाचणीच्याच गाडीची त्याच कोनातली धडक तिथे १०० च्या तुलनेत १.४४ पट ऊर्जेची होते.

दुसरी चूक खांबांची, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. चाचणीत पास होते ती पत्रा (खांबांवर आडवी बसवलेली पट्टी), खांब, मधला ठोकळा, माती आणि टोकं यांची मिळून एक रचना. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात विकसित झालेल्या 'मिडवेस्ट' गार्डरेलचं, म्हणजे पत्र्याच्या बॅरिअरचं, उदाहरण घ्या. खांब १.९ मीटर अंतरावर, सुमारे एक मीटर जमिनीत, पत्र्याची वरची कड ७८७ मिमी उंचीवर. धडकेत खांब मातीत मागे कलतो आणि ऊर्जा जिरवतो. खांब आणि पत्रा यांच्यामधला ठोकळा चाकाला खांबात अडकू देत नाही. आता 'मजबुतीसाठी' खांबाभोवती काँक्रीट भरलं की खांब कलत नाही. तो जागीच वाकतो, पत्र्याला तिथे खोबण पडते आणि गाडी तिच्यात अडकून गिरकी घेते. उलट भरावाच्या अगदी कडेला, सैल मुरमात खांब ठोकला तर त्याला मागून आधारच नसतो. दोन्हीकडे अहवाल तुमच्या कामाला लागू राहत नाही. कातळात खड्डा घ्यावा लागला, तर खांबाला मागे हलायला जागा ठेवणारा तपशील डिझायनरकडून घ्या. साइटवर अंदाजाने ठरवू नका.

टोक उघडं सोडू नका. माशाच्या शेपटासारखा पसरलेला पत्रा समोरून येणाऱ्या गाडीत आरपार घुसतो. जमिनीत उतरवलेल्या तिरप्या टोकावर गाडी चढून उलटते. येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूला चाचणी झालेलंच टोक लावा. शिवाय पत्रा ताणावर काम करतो, त्यामुळे दोन्ही टोकं नीट नांगरलेली नसतील तर मधला भागही ढिला पडतो.

पत्र्याच्या जोडात वाहतूक ज्या बाजूने येते तिकडचा पत्रा रस्त्याच्या बाजूला वर हवा. उलटं बसवलं तर पत्र्याची कड गाडीत अडकते.

मागची जागा मोजा. मिडवेस्ट रचना पिकअपच्या चाचणीत सुमारे १.१ मीटर मागे सरकली होती. मग बॅरिअरला चिकटून विजेचा खांब किंवा झाड असेल तर गाडी त्यावर आदळणारच. विजेचा खांब हलवा, नाहीतर कमी सरकणारी रचना निवडा. पुलाच्या काँक्रीट कठड्याला जोडताना खांब जवळजवळ घेत आणि पत्रा जाड करत रचना हळूहळू ताठ करावी लागते. लवचीक पत्रा कठड्यापाशी नुसता संपवला तर गाडी थेट कठड्याच्या तोंडावर जाते.

बॅरिअरच्या पुढे उंच कर्ब (रस्त्याच्या कडेची उंच दगडी किंवा काँक्रीटची कड) नको. चाक त्यावर उडालं की बंपर पत्र्याच्या वर जातो. डांबराचा नवा थर टाकल्यावरही हाच धोका असतो. १०० मिमी थर चढला की ७८७ चा बॅरिअर ६८७ चा होतो. म्हणून नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकातच बॅरिअर उचलण्याची बाब धरा आणि काम ताब्यात घेताना टेप लावून उंची नोंदवा.