शुगर-बीपीच्या घरगुती नोंदींसाठी ॲप : आराखडा कसा करावा

रक्तदाब आणि रक्तातील साखर यांची घरच्या घरी नोंद ठेवणारे ॲप करायचे असेल, तर आराखड्याची सुरुवात आलेखांपासून करू नये. माणूस मशीनवरचा आकडा पाहून तो लिहून ठेवतो, त्या घडीपासून करावी. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात ही घडी सकाळी, शेतात निघण्याच्या गडबडीत येते, आणि अर्ध्या मिनिटात नोंद झाली नाही तर ती होतच नाही.

म्हणून ॲप उघडताच नोंदीचीच स्क्रीन यावी. घरात एकच स्मार्टफोन अनेकजण वापरत असतील, हे धरून पहिला प्रश्न "नोंद कोणाची?" हा असावा आणि उत्तरासाठी नावासोबत फोटो द्यावा. आकड्यांसाठी स्लायडर देऊ नये. माझ्या पहिल्या आराखड्यात तो होता, आणि शेतकामाने राठ झालेल्या बोटांना तो नेमक्या आकड्यावर थांबवता येईना. त्याऐवजी मोठ्या अंकांचा कीपॅड द्यावा. रक्तदाबाच्या रकान्यांना "वरचा" आणि "खालचा" हीच नावे ठेवावीत, कारण माणसे तसेच बोलतात. साखरेच्या आकड्याबरोबर "उपाशीपोटी" की "जेवणानंतर दोन तासांनी" हे विचारलेच पाहिजे. त्यावाचून १६० या आकड्याचा अर्थ लागत नाही. वरचा आकडा खालच्यापेक्षा कमी भरला गेल्यास पुन्हा विचारावे, परंतु फार मोठा किंवा फार लहान आकडा नाकारू नये, कारण खरा धोका तेथेच असू शकतो.

आकडा मुळात खरा यावा म्हणून मोजण्याची रीतही सांगावी: चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास थांबावे, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीत ठेवावा आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. ही सूचना अहिराणी आवाजातही असावी. धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली किंवा पावरीत. शुगर मोजण्याच्या बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवायच्या असतात, आणि मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या घरात ठेवलेली पट्टी चुकीचा आकडा देऊ शकते, म्हणून मार्च ते जून या काळात पट्ट्या कोठे ठेवल्या आहेत हे ॲपने दर आठवड्याला विचारावे, असे माझे ठाम मत आहे.

सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत नेटवर्कचा भरवसा नसतो, त्यामुळे नोंदी फोनमध्येच, कुलूपबंद साठवाव्यात. त्या बाहेर पाठवायच्या तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार साध्या शब्दांत संमती घ्यावी.

निदान करणे किंवा औषधाची मात्रा बदलणे हे ॲपचे काम नव्हे. दोन प्रसंगी मात्र त्याने गप्प राहू नये. साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असला, तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजण्यास सांगावे. रक्तदाब १८०/१२० च्या वर असून छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा हातपाय लुळे पडत असतील, तर १०८ ला फोन लावणारे बटण समोर आणावे.

डॉक्टरांसाठी एका पानाचा अहवाल पुरे: सात दिवसांच्या सकाळ-संध्याकाळच्या मोजणीतून पहिला दिवस वगळून काढलेली सरासरी आणि औषध चुकल्याच्या तारखा. ॲप लोकांच्या हाती देण्यापूर्वी चार-पाच वयस्कर माणसांकडून नोंद करून घ्यावी, त्या वेळी शेजारी बसून काहीही न सुचवता बोट कोठे अडखळते तेवढेच पाहावे आणि ती जागा पुन्हा आखावी.