मुंडुकला येताय? आधी उत्तर-दक्षिण विसरा

बालीत राहायला येणारी मराठी माणसं बहुतेक दक्षिणेला, समुद्राकाठी उतरतात. गेल्या काही वर्षांत मात्र लॅपटॉपवर नोकरी करणारी दोन-तीन जोडपी आमच्या मुंडुकपर्यंत चढून आली. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, "अहो, हे तर आपलं कोकणच!" मी अकरा वर्षांपूर्वी इथं सून म्हणून आले तेव्हा हेच म्हणाले होते. नारळ, केळी, कौलारू घरं, दारात फुलं, घराघरात देव. त्या 'आपलंच'पायी मी पहिल्या वर्षी जेवढ्या चुका केल्या, तेवढ्या भाषा न येण्यामुळेही केल्या नाहीत.

गाव बुलेलेंग जिल्ह्यात, डोंगराच्या उत्तर उतारावर, साधारण 800 मीटर उंचीवर आहे. विमानतळावरून गाडीनं अडीच-तीन तास. बेडुगुलचा घाट चढलात की रस्ता धारेवरून पश्चिमेला जातो. डावीकडे खाली बुयान आणि तांबलिंगान ही तळी, उजवीकडे लांबवर समुद्र. पंखा लागत नाही, स्वेटर लागतो. नोव्हेंबर ते मार्च धुकं घरात शिरतं आणि चामड्याच्या चपला-पट्ट्यांना बुरशी धरते. ते सामान तिकडेच ठेवा.

आता दिशांचं. इथं घरातसुद्धा डावं-उजवं फारसं कुणी म्हणत नाही. डोंगराकडची बाजू ती 'काजा', समुद्राकडची 'केलोद'. "पेला जरा केलोदला सरकव" असं ताटावर बसून सांगतात. काजा पवित्र, केलोद त्या मानानं हलकी. दक्षिण बालीत डोंगर उत्तरेला, म्हणून तिथं काजा म्हणजे उत्तर. आमच्याकडे डोंगर दक्षिणेला, त्यामुळे काजा म्हणजे चक्क दक्षिण! आपल्याला दक्षिण यमाची. मी आल्या आल्या माझी समई आणि गणपतीची तसबीर खोलीच्या उत्तर भिंतीशी मांडली, म्हणजे इथल्या हिशेबानं देवाला पायाकडे बसवलं. मेमे, म्हणजे सासूबाई, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून आले तर तसबीर पूर्वेच्या भिंतीवर होती. पूर्व दोघींनाही चालते. घर भाड्यानं घेतलंत तर पलंग कुठं ठेवायचा हे घरमालकिणीलाच विचारा. ते विचारलेलं तिला आवडतं.

जमिनीचं दोन वाक्यांत सांगते. 1960 च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी हक्क फक्त इंडोनेशियाच्या नागरिकांना आहे. कुणाच्या तरी नावावर घेऊन देतो म्हणणारा भेटेलच, त्याला चहा पाजून वाटेला लावा. घरभाडं वर्षाचं एकदम आगाऊ द्यायची पद्धत आहे, म्हणून पहिला महिना होमस्टेत काढा आणि एक पावसाळा पाहिल्याशिवाय लांबचा करार करू नका.

मुंडुक म्हणजे लवंग. कॉफी डच काळापासूनची, पण आजचे हे उतार 1970 च्या दशकापासून लवंगेनं भरले. साधारण जुलै ते सप्टेंबर तोडणी. उंच बांबूची शिडी झाडाला दोरांनी ताणून बांधतात आणि कळी उमलायच्या आत, हिरवी-गुलाबी असतानाच, हातानं खुडतात. उमलली की भाव गेला. संध्याकाळी ओसरीवर सगळं घर बसून देठ वेगळे करतं. देठ निराळे विकले जातात, आणि झाडाखालची गळलेली पानंसुद्धा तेल काढायला जातात. मग चार-पाच दिवस ऊन. वाळवण रस्त्याच्या कडेला, कधी अर्ध्या रस्त्यावर. त्यावरून स्कूटर घालू नका आणि फोटोसाठी त्यात पाय ठेवू नका. पावसाचे थेंब पडले की शेजारी कुणाचीही ताडपत्री दुमडायला धावतात. तुम्हीही धावा. गावात ओळख व्हायला माझ्या पाहण्यात याहून सोपा मार्ग नाही.

ही लवंग मुख्यतः क्रेतेक या लवंगी सिगारेटींत जळते. नव्वदच्या दशकात सरकारी आशीर्वादानं लवंगेच्या खरेदीची मक्तेदारी झाली, तिच्या मुळाशी राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंचा धाकटा मुलगा होता. शेतकऱ्याच्या हाती काही उरेना. 1998 मध्ये ती मोडली. सासरे त्या दिवसांत झाडं तोडल्याची गोष्ट अजून खालच्या आवाजात सांगतात. म्हणून "यंदा भाव काय?" हा प्रश्न ओळख झाल्यावर विचारा, पहिल्या भेटीत नको.

बांजार समजून घ्या. वाडीची पंचायत, भावकी आणि मंडळ एकत्र करा, तसं काहीसं. लग्न, दहन, देवळाची डागडुजी, सगळं बांजार करतं. कुलकुल, म्हणजे पोकळ लाकडी ओंडक्याचा नगारा, वाजला की प्रत्येक घरातून माणूस जातो. गेला नाही तर दंड. तुम्ही 'तामिऊ', पाहुणे, तुम्हाला दंड नाही. पण आल्यावर बांजारप्रमुखाला, म्हणजे केलियानला, भेटून या, कागदपत्रांची प्रत द्या आणि मयताच्या घरी तांदूळ-साखर घेऊन जा. देवळात जाताना लुंगीसारखं सारोंग नेसा आणि त्यावर कंबरेला शेला बांधा. पाळीच्या दिवसांत किंवा घरात सुतक असताना आत जायचं नाही. सुतकाचं मराठी माणसाला समजवावं लागत नाही, पहिल्या भागावर मात्र आपल्याकडच्या मुली भांडायला उठतात. माझंही मत त्यांच्यासारखंच आहे. तरी ते भांडण देवळाच्या पायरीवर करू नका.

'हिंदू गाव म्हणजे शाकाहार' हा दुसरा गैरसमज. सणाला इथं डुक्कर कापतात. नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागत नाही, कारण चटणीत तेरासी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा वाटलेला गोळा, असतेच. "तानपा दागिंग, तानपा इकान, तानपा तेरासी" एवढं पाठ करा: मांस नको, मासे नकोत, तेरासी नको. टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, टोफू आणि उराप म्हणजे ओलं खोबरं घातलेली भाजी, यांवर निभावतं. आणि बाजारात 'उंडिस' मागा. काळे, बारीक दाणे मिळतील. ही आपली तूरच! बुलेलेंगमध्ये तिचं पातळ कालवण करतात. मेमेच्या हातचं ते पहिल्यांदा प्यायले तेव्हा मी बशी चाटली होती. फक्त बाहेर खाताना त्यात हाड आहे का ते विचारून घ्या.

भाषेतही असंच अर्धवट आपलं भेटतं. 'इस्त्री' म्हणजे बायको, 'सुआमी' नवरा, 'कपाला' डोकं, 'देसा' म्हणजे गाव. पण 'काकी' म्हणजे पाय. माझ्या भाच्यानं व्हिडिओ कॉलवर "काकी, काकी" सुरू केलं की घरातली पोरं अजून आपापले पाय दाखवतात.

सणांचंही तसंच. दर 210 दिवसांनी गालुंगान येतो, तेव्हा प्रत्येक दारात वाकलेल्या बांबूचा पेंजोर उभा राहतो. पहिल्यांदा पाहिला आणि गुढी आठवून रडले. न्येपी, म्हणजे इथला मौन पाळून साजरा होणारा वर्षारंभ, मात्र अगदी सख्खा. इथलं शकवर्ष आपलंच, फक्त अधिक महिन्याच्या हिशेबामुळे काही वर्षी न्येपी पाडव्याच्या महिनाभर आधी येतो. 22 मार्च 2023 ला दोन्ही एकाच दिवशी आले, इथंही शक 1945 आणि तिथंही 1945. पण न्येपीला चूल नाही, दिवा नाही, काम नाही, घराबाहेर पाऊल नाही. विमानतळ बंद, मोबाईलचं इंटरनेट बंद, रस्त्यावर फक्त पचालांग, म्हणजे गावचे राखणदार. मग काय, आदल्या दिवशी सोललेल्या मुगाचं पुरण घालून पोळ्या केल्या आणि गुढी घरात, दाराआड उभारली. मेमेनं ती न्याहाळली आणि कुजबुजली, "पेंजोरचं पिल्लू." 19 मार्च 2026 लाही दोन्ही एकाच दिवशी.

शेवटची सूचना. रस्त्यात कुणीही विचारेल, "कुठं निघालात?" ती चौकशी नव्हे, नमस्कार आहे, "जालान-जालान" म्हणजे 'सहज फिरायला' एवढं उत्तर पुरे. संध्याकाळी पाचच्या सुमारास प्रश्न बदलतो, "सुदाह मांदी?", अंघोळ झाली का? आपला वास येतोय की काय म्हणून मी पहिला आठवडा दोनदा अंघोळ करत होते. झाली असेल तर "सुदाह", नसेल तर बिनदिक्कत "बेलुम" म्हणा. कुणी रागवत नाही, फक्त पाणी गार पडायच्या आत उरकून घ्या असं सांगतील.