नान्नजच्या माळावर नव्यानं राहायला येणाऱ्यांसाठी

सोलापूरजवळच्या नान्नज, मार्डी, वडाळा या पट्ट्यात अलीकडे पुण्या-मुंबईची आणि आमच्या कोकणातलीही मंडळी जमीन घेऊन राहायला येऊ लागली आहेत. मी २००३ साली रत्नागिरीहून आले. आंबा-फणसाच्या दाटीतून आलेल्या माणसाला हा माळ पहिल्यांदा नुसता ओसाड दिसतो. सातबाऱ्यावर 'पोटखराब', म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, असं लिहिलेलं असतं आणि एजंट सांगतो, "पडीक हाय, चारी बाजूंनी तार मारा की झालं." त्याचं ऐकू नका. पहिला हिवाळा सरेपर्यंत तार मारायची नाही, एवढं माझं ऐका.

हे मी भोगून सांगते. मी पहिल्याच महिन्यात काटेरी तार मारली होती, पाच पदरी, अगदी जमिनीलगत. डिसेंबरातल्या एका पहाटे त्यात काळविटाचं तरणं नर अडकलं. अंगाचा रंग अजून तांबूसच होता, शिंगांना नुकताच पीळ धरायला लागला होता. बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या हलत होत्या आणि एक डोळा सारखा आमच्याकडे. वनरक्षकांनी येऊन तार कापली, पण दुपारपर्यंत ते गेलं. नंतर कळलं, काळवीट कुंपणावरून सहसा उडी मारत नाही, खालून घुसायला बघतं. एवढ्या लांब उड्या मारणारं जनावर तारेपुढं मान खाली घालतं, हे मला खरंच माहीत नव्हतं. आता आमची सगळ्यात खालची तार जमिनीपासून दीड फूट वर आहे आणि तिला काटे नाहीत. काळविटांची वाट ठरलेली असते. आमच्या पूर्वेच्या बांधावरून ओढ्याकडं जाते, तिथं तार घातलेलीच नाही.

मग पिकाचं काय? हरभरा आणि कोवळी ज्वारी ती खातातच. इथल्या जुन्या लोकांची रीत धरा: पिकाच्या कडेनं करडईचे पट्टे पेरा. करडई मोठी झाली की तिचे काटे जनावराला नको होतात. तोवर रात्रीची राखण करायची. बॅटरीवरचं झटका मशीन चालतं, पण वीजेच्या तारेवर आकडा टाकून कुंपणात करंट सोडणं हा गुन्हा आहे, आणि अशा तारेला चिकटून माणसंही गेली आहेत. नुकसान झालं तर त्याच दिवशी वनखात्याला कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. १९२६ हा वनखात्याचा नंबर दाराच्या आत खडूनं लिहून ठेवा.

लांडग्याची भीती सगळ्यांनाच असते. माझा पहिला लांडगा मला पाणंदीत भेटला, चाळीसेक फुटांवर. कुत्र्यासारखा पळाला नाही. चार पावलं चालला, थांबला, मान वळवून बघितलं, परत चालला. मी जागची हलले नाही. पुढच्या गल्लीत आप्पा भेटले. त्यांच्या मेंढरांचा वाडा दर दिवाळीनंतर आमच्या रानात बसतो, खतासाठी. ते म्हणाले, "ताई, त्याला वाट दिलीस, बरं केलंस. पळाली असतीस तर त्याला नवल वाटलं असतं." त्यांची दोन कोकरं त्याच वर्षी लांडग्यानं नेली होती, तरी ते असं बोलले. त्यांच्याकडून शिकण्यासारखं हे: रात्री मेंढरांभोवती वाघर, म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण, लावायची, कुत्री आतल्या बाजूला न बांधता मोकळी सोडायची, आणि शेरडं-करडं दाराच्या आत. लांडगा दिवसाढवळ्या वस्तीत शिरून दिसेल त्याला चावू लागला, तर तो पिसाळलेला समजा. चावा लागला तर जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. कोल्ह्याचं, खोकडाचंही तसंच.

सापांबद्दल कोकणातून आलेल्यांना फारसं सांगायला नको. फुरसं इथंही आहे. घोणस कडब्याच्या गंजीत बसते आणि कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कळतही नाही, म्हणून खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपा. चावलं तर १०८ ला फोन आणि थेट सोलापूरचं सिव्हिल. मंत्र-तंत्रात एक मिनिट घालवू नका.

उघडी विहीर असेल तर आधी तिला कठडा बांधा, मग घर. रात्री पळणारं काळवीट, लांडगा, उसाच्या पट्ट्यात बिबट्याही त्यात पडतो.

आता एक वेगळी गोष्ट, कारण नवे लोक विचारतात, "ते उंच पक्षी कुठले?" २०१२ च्या सुमारास आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं ईमूपालन बुडालं. अंडी विकली जाईनात, पिल्लं परत घ्यायला कुणी येईना, आणि खाद्याचा खर्च तर रोजचा. शेवटी त्यांनी कुंपणाचं दार उघडलं. त्यातली एक मादी महिनाभर आमच्या विहिरीजवळ राहिली. रात्री ती छातीतून ढोलासारखा आवाज काढायची. पहिल्या रात्री आमचा गडी घोंगडं टाकून पळाला. ऑस्ट्रेलियाचं हे जनावर, इथल्या उन्हाला ते टिकलं, पण कुत्र्यांना नाही. असं पाळीव परदेशी जनावर मोकळं दिसलं तर पुढून जाऊ नका, ईमू पुढच्या बाजूला लाथ मारतो आणि नखं फार वाईट. आणि स्वतः पाळायचा विचार कराल तर धंदा बुडाल्यावर त्या जनावरांचं काय करायचं, हे आधी ठरवा.

गंमत म्हणजे आपलं काळवीट १९३२ साली अमेरिकेतल्या टेक्सासच्या कुरणांवर नेऊन सोडलं गेलं. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा तिकडं असतो, तो फोटो पाठवतो. आप्पांनी फोन हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तिथं लांडगा हाय का?"

माळढोक या माळावरच्या मोठ्या पक्ष्यासाठी १९७९ साली नान्नजचं अभयारण्य झालं, पण माळढोक तुम्हाला दिसेल अशी आशा धरू नका. गवत मात्र जाळू नका. थंडीत भोवत्या पक्षी येतात ते त्या गवताच्याच जोरावर. जानेवारीत लांडगीची पिल्लं असतात, तेव्हा बिळापाशी कुत्री घेऊन जाऊ नका, फोटोसाठीही नाही. आमच्या पश्चिमेच्या तालीत, म्हणजे मातीच्या बांधात, एक बीळ आहे. नांगरटीला ट्रॅक्टर आला की ड्रायव्हरला आधी तिथं नेऊन दगड दाखवते. त्या दगडापासून तो वळतो.