ट्रॅक्टर मिनी, शेपूट लांब: बागेत वळवताना या चुका टाळा

मिनी ट्रॅक्टर घेताना सगळे रुंदी मोजतात. ९ फुटांच्या द्राक्षओळीत बसेल का, डाळिंबाच्या फांद्या घासतील का, एवढंच बघितलं जातं. वळायला किती जागा लागते, हा प्रश्न अँगल (वेलींच्या आधाराचे लोखंडी खांब) रोवून आणि तारा ओढून झाल्यावर पडतो. मग दर हंगामात एखादा अँगल वाकतो, ठिबकचा व्हॉल्व्ह मोडतो, कडेच्या खोडाची साल निघते आणि दोष ड्रायव्हरच्या माथी बसतो. ड्रायव्हर बिचारा पुढं बघून चालवत असतो. नुकसान मागं होत असतं.

पहिली चूक: लागलीच शेजारच्या ओळीत शिरणं

साधं गणित मांडा. ओळी ९ फुटांवर असतील, तर शेजारच्या ओळीत वळायला ट्रॅक्टरनं साडेचार फूट त्रिज्येत फिरायला हवं. २०-२५ एचपीचे बहुतेक मिनी ट्रॅक्टर ७-८ फुटांच्या त्रिज्येत फिरतात. म्हणजे ते वळण एका दमात होणारच नाही. मग पुढं-मागं सुरू होतं, आणि त्या मागं घेण्यातच अवजार अँगलवर आदळतं.

एक ओळ सोडून वळा. पहिल्यातून निघालात की तिसरीत शिरा, मग पाचवीत. राहिलेल्या ओळी परतीला घ्या. आता वळायला १८ फूट मिळतात, त्रिज्या ९ फूट होते आणि ट्रॅक्टर ब्रेकला पाय न लावता फिरतो. फवारणीत ओळ चुकेल अशी भीती वाटत असेल, तर झालेल्या ओळीच्या पहिल्या अँगलला चिंधी बांधा. नवी बाग लावणाऱ्यांनी बांधाकडची मोकळी जागा ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या एकत्र लांबीपेक्षा चार-पाच फूट जास्त ठेवावी. तिथं आणखी एक झाड बसवायचा मोह होतो. ते झाडच पुढं सगळ्यात जास्त मार खातं.

रोटाव्हेटर बाहेर मारतो, ब्लोअर आत

माझ्या मते खरी गोम इथंच आहे, आणि ती ड्रायव्हरला कुणी नीट सांगत नाही.

रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार) ट्रॅक्टरच्या तीन कड्यांवर लटकलेला असतो आणि मागच्या चाकांच्याही मागं असतो. ट्रॅक्टर डावीकडं वळला की तो उजवीकडं झोकांडी घेतो. म्हणून वळणाच्या बाहेरच्या बाजूचा अँगल, खोड किंवा व्हॉल्व्ह त्याच्या तडाख्यात सापडतो. आत बघत वळणाऱ्याला हे दिसतच नाही.

ओढायचा ब्लोअर (चाकांवरचा फवारणी पंप) किंवा ट्रॉली याच्या नेमकी उलट वागते. तिची चाकं ट्रॅक्टरच्या चाकोरीतून येत नाहीत, कोपरा कापत आतून येतात. त्यामुळं आतला शेवटचा अँगल आणि त्याला दिलेली ताणतार धोक्यात असते.

सकाळी रोटाव्हेटर आणि दुपारी ब्लोअर चालवणाऱ्या माणसाकडून गडबड होणं साहजिक आहे. रोटाव्हेटर असेल तर त्याचं मागचं टोक शेवटच्या अँगलच्या बाहेर येईपर्यंत सरळ चला, तो उचला आणि बाहेरच्या बाजूवर नजर ठेवून वळा. ब्लोअर असेल तर आणखी पुढं जा, मोठा फेरा घ्या आणि आतल्या बाजूवर नजर ठेवा. नव्या माणसाला पडीक जागेत चार बांबू रोवून अर्धा तास दोन्ही अवजारं फिरवू द्या. कोणता बांबू पडतो ते त्यालाच दिसेल, मग सांगायला लागत नाही.

वळताना मागून खडखड येते

पीटीओ (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा) चालू ठेवून तीव्र वळण घेतलं, किंवा रोटाव्हेटर फिरता असतानाच पार वर उचलला, की त्याला अवजाराशी जोडणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. खडखड हा त्याचाच आवाज. दुर्लक्ष केलं तर आधी क्रॉस (जॉइंटमधला फुलीसारखा तुकडा) जातो, नंतर शाफ्ट. वळणावर पीटीओ बंद करा. फार वेळा वळावं लागत असेल, तर निदान हायड्रॉलिकच्या लिव्हरला अडथळा लावून रोटाव्हेटर जमिनीपासून थोडाच सुटेल असं बघा. सरळ ओळीतही खडखड येत असेल, तर कारण वळण नाही. क्रॉसला ग्रीस आहे का आणि शाफ्टची लांबी बरोबर आहे का ते तपासा. शाफ्टवरचं कव्हर काढून फेकलं असेल तर आधी ते आणा. उपरणं, साडीचा पदर शाफ्टला गुंडाळायला क्षणही लागत नाही.

सुटे ब्रेक

डाव्या-उजव्या चाकाचा वेगळा ब्रेक बागेत वरदान आहे, पण हळू चाललेल्या ट्रॅक्टरला. वेगात एकच ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर कलंडू शकतो. ओलीत आतलं चाक धरून फिरलात, तर ते जागच्या जागी खड्डा पाडतं आणि खाली ठिबकची नळी असेल तर तीही पिळवटते. रस्त्यावर निघताना दोन्ही पेडल कडीनं जोडायचीच. नेहमी एकाच बाजूला वळण्यानं एक ब्रेक जास्त झिजतो. मग जोडलेले ब्रेक दाबले की ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो. सपाट जागी हळू चालवून बघा, ओढत असेल तर दोन्हींचा प्ले (पेडलची मोकळी चाल) सारखा करून घ्या.

विजेचा खांब आणि त्याचा ताण

खांब दिसतो, त्याची तिरपी ताणतार गवतात दिसत नाही. तिला अवजार अडकलं की खांब झुकतो आणि वरच्या तारा खाली येतात. ताणाला जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत पिवळा पाइप चढवा, आणि तिच्यापाशी वळायचंच नाही असं ठरवा. ट्रॉलीचा जॅक उचलण्याआधी वर बघायचं. तार ट्रॅक्टरवर पडलीच, तर खाली उतरू नका; बसून राहा, लोकांना लांब ठेवा आणि वीज बंद करवा. आगच लागली तर ट्रॅक्टरला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारा आणि पाय जुळवूनच, छोट्या उड्या घेत दूर जा.

विहीर, चारी, उतार

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात शेतमजूर महिलांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत कोसळला आणि सात महिलांचा जीव गेला. कठडा नसलेली विहीर आणि तिच्याभोवती वाढलेलं गवत आपल्याकडं नवीन नाही. विहिरीच्या बाजूला वळायची जागा ठेवूच नका, ओळीच त्या अंगाला आडव्या करा. तोवर दगडांचा बांध घाला किंवा खांब रोवून तार ओढा. चारीसाठी एक ढोबळ नियम आहे: चारी जेवढी खोल, निदान तेवढं अंतर काठापासून ठेवा. पावसानंतर त्याहून जास्त. आणि मडगार्डवर माणूस बसवायचा नाही, मग तो घरचा का असेना.

उताराला आडवं वळू नका. चढावर पुढची चाकं हलकी पडून स्टिअरिंग ऐकेनासं झालं, तर मागं वजन जास्त आहे. अवजार खाली घ्या, पुढं वजनं लावा. बुंधा उपटायला साखळी लावताना ती खालच्या हिचलाच (ओढायच्या कडीलाच) लावा. टॉप लिंकला (अवजाराच्या वरच्या जोडदांड्याला) लावली तर ट्रॅक्टर मागं उलटू शकतो.

डिफरन्शियल लॉक सुटत नाही

चिखलातून निघायला दोन्ही मागची चाकं सारखी फिरवणारा हा लॉक लावला आणि पाय काढल्यावरही तो सुटला नाही, तर घाबरून वळवू नका. दोन्ही चाकं सारखी फिरत असताना ट्रॅक्टर वळतच नाही, सरळ अँगलवर जातो. थोडं सरळ चला, स्टिअरिंग हलकंसं डावं-उजवं करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं कट् करून सुटतो. न सुटल्यास क्लच दाबून एका मागच्या चाकाच्या ब्रेकला हलका झटका द्या. वारंवार अडकत असेल तर पेडलची स्प्रिंग तुटली आहे किंवा दांडीत माती बसली आहे, ते बघा.