अडीच वर्षांची लेक स्वतःच्या गादीवर झोपली

रात्री २ वाजता पावलं वाजायची आणि लेक आमच्या दोघांच्या मध्ये आडवी. समजावलं, रागावले, उपयोग शून्य. मग आधी दुपारची झोप बघितली. ५ पर्यंत लोळायची, ती ३ लाच मोडली. पलंगाऐवजी जमिनीवर गादी, अंगावर आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी. डोळे पुरते मिटायच्या आधीच थोपटणं थांबवायचं, हे मात्र मला फार जड गेलं; पण थोपटत झोपलेलं मूल मध्येच जागं झालं की तोच हात शोधतं. उठून आली की न बोलता, दिवा न लावता परत नेऊन निजवायचं. पहिल्या रात्री ७ फेऱ्या झाल्या (नवरा घोरत होता). चौथ्या रात्री २. दहाव्या रात्री मीच ३ ला उठून तिला बघून आले.